लागलं तर?

बाळाला घेऊन कोपऱ्यावरच्या बागेत जायचं असो नाहीतर काशीला, ज्यांच्या खांद्यावरची बॅग दोन्ही वेळा सारखीच फुगलेली असते, असे एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असतील. ते बाळाचे आजोबा असतात. ते निवृत्त असतात. आणि त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही लंगोट बदललेला नसतो. यातलं तिसरं कलम सगळ्यांत महत्त्वाचं. ज्याला बाळ बदलता येतं, तो दोन डायपर आणि एक दुपटं पिशवीत टाकून चालू लागतो. ज्याला येत नाही, तो बॅग भरतो.

आमच्या मजल्यावर नाना आहेत.

नाना पाटबंधारे खात्यात भांडारपाल होते. सिमेंटची पोती, पाइप, पाने, घमेली यांचा हिशोब ठेवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर काही वर्षं त्यांना मोजायलाच काही उरलं नव्हतं, तेव्हा ते जिन्यातल्या चपला मोजायचे आणि एखादी जास्त दिसली की बेल वाजवून विचारायचे. मग नात झाली. पाळण्यातलं नाव काहीही असो, घरात ती चिऊ. बारशाला कुणीतरी अकरा कप्प्यांची, पाण्यानं न भिजणारी बॅग दिली. बाकीची मंडळी झबली-टोपडी हातात घेऊन कौतुक करत होती, तेव्हा नाना कोपऱ्यात बसून कप्पे मोजत होते. त्या दिवशी नाना पुन्हा नोकरीवर रुजू झाले.

या बॅगेत काय असतं, असं विचारू नये. एकदा विचारलं, तर नानांनी ती माझ्यासमोर उघडली.

"डायपर. डॉक्टर म्हणतात, दर दोन-तीन तासांनी बदला. म्हणजे सहा तास बाहेर असलो तर तीन. वर दोन जादा. वर घट-तूट म्हणून दोन. शिवाय हे दोन एक नंबर मोठे."

"मोठे कशाला?"

"लागलं तर?"

"अहो, पण चिऊला तर आत्ताचेच सैल होतात."

"बाहेर असताना वजन वाढलं तर?"

यावर काय बोलणार! नानांचा हात पुढच्या कप्प्यात गेला. ओले वाइप्स. वाइप्स संपले तर कापूस. कापूस कोरडा चालत नाही, म्हणून थर्मासमध्ये कोमट पाणी. पाणी फार कोमट निघालं तर गार पाण्याची बाटली. डायपरनं पुरळ उठलं तर झिंकचं मलम, मलम उलटलं तर खोबरेल, आणि डायपरच सोसले नाहीत तर आठ सुती लंगोट. खाली अंथरायला मेणकापड. मेणकापड गार लागलं तर त्यावर दुपटं. दुपटं भिजलं तर दुसरं दुपटं. भर मे महिन्यात स्वेटर आणि कुंची, कारण जिथं जाऊ तिथं एसी असला तर? नाचणीसत्त्व, वाटी, चमचा, चमचा पडला तर चमचा. पोट फुगलं तर बेंबीभोवती लावायला हिंग. कुणाची नजर लागली तर मीठ-मोहऱ्यांची पुरचुंडी. ताप आला तर थर्मामीटर, आणि थर्मामीटरचा सेल संपला तर सेल.

एका कप्प्यात ओआरएसची पुडी होती आणि शेजारी एक लिटरची रिकामी बाटली. "पुडीवर लिहिलंय, एक लिटर पाण्यात. पेल्याच्या अंदाजानं घालायचं नाही," नाना म्हणाले. ते बरोबरच होतं, पण ते तिथं थांबले नाहीत. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे हजारो रुग्ण कसे वाचवले, ही हकीकत नाना प्रत्येकाला सांगतात. तिचं तात्पर्य मात्र त्यांचं स्वतःचं आहे. "अहो, पिंपं भरून तयार होती, म्हणून माणसं जगली. डॉक्टरचं नाव झालं. पिंपं भरणाऱ्याचं कुणी नाव घेतं का?"

सगळ्यांत खालच्या कप्प्यातून त्यांनी दोन्ही हातांनी एक जड वस्तू काढली. ती गुटी उगाळायची सहाण होती. दगडाची.

"पण डॉक्टरांनी गुटी बंद केली ना?"

"केली. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, असं स्वच्छ सांगितलं. म्हणून वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सगळं काढून टाकलं."

"मग सहाण?"

"ती उपभोग्य वस्तूंत येत नाही," नाना म्हणाले. "ती जडवस्तू आहे."

कारण नानांनी दोन नोंदवह्या घातल्या होत्या. एक रोज संपणाऱ्या मालाची, दुसरी जडवस्तू संग्रहाची. सरकारी कचेरीत दुसऱ्या वहीत एकदा चढलेली वस्तू सहजासहजी बाहेर पडत नाही. तिचं निर्लेखन व्हावं लागतं, त्यासाठी वरिष्ठांची मंजुरी लागते, आणि नानांच्या वर आता कुणी वरिष्ठ उरलेलं नाही. त्यामुळे चिऊ जिथं जाते तिथं तो दगडही जातो.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. खरी गंमत पुढे कळली. या बॅगेतून कधी काही बाहेर निघत नाही.

एका संध्याकाळी नाना चिऊला घेऊन आमच्याकडे चहाला आले. त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत मध्ये लिफ्ट तेवढी आहे. तरी बॅग होतीच. चिऊनं सोफ्यावर बसल्या बसल्या आपला कार्यभाग उरकला. मी म्हटलं, "नाना, मेणकापड काढा."

नानांनी बॅगेवर हात ठेवला. "आत्ता नको. बाहेर कुठं गेल्यावर खरंच लागलं तर?"

"मग दुपटं तरी."

"घडी मोडेल हो. तुमच्याकडे जुना पंचा असेल ना?"

चिऊला आमच्या पंच्यावर ठेवलं. माई, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, पलीकडून लंगोट घेऊन आल्या आणि मिनिटभरात काम झालं. नानांनी बॅग उचलून कानाशी हलवली, सगळं जागेवर असल्याची खात्री केली आणि समाधानानं म्हणाले, "काही लागलं नाही."

भांडारपालाचा दिवस चांगला गेला, याची खूणच ही, की सकाळची शिल्लक आणि संध्याकाळची शिल्लक जुळते. नानांची रोज जुळते. कारण साधं आहे. सूनबाईंच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला एक डायपर आणि वाइप्सचं छोटं पाकीट असतं. प्रत्येक वेळी तेच वापरलं जातं. त्या पर्समधला डायपर संपला की त्या गुपचूप दुसरा ठेवतात. नानांना याचा पत्ता नाही, किंवा असला तरी त्यांच्या वहीत त्या पर्सला रकाना नाही. वापरलेला डायपर मात्र ते आग्रहानं ताब्यात घेतात, कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि कचरावेचक ताईंना कळावं म्हणून त्यावर लाल पेनानं ठळक ठिपका काढतात. घनकचऱ्याच्या नियमांत असं गुंडाळून द्यायला सांगितलंय, हेही सांगतात. त्या बॅगेतली नेमानं वापरली जाणारी वस्तू तेवढी एकच, लाल पेन.

एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्या बाळाकडे धावलेल्या गवळणीचं नाव दिलेली, अंगावर पाजणाऱ्या आयांसाठीची खोली. (हिरकणीच्या खांद्यावर नानांची बॅग असती तर ती खाली पोचली असती, पण फार लवकर, हे माझं खासगी मत.) सातारला निघताना सूनबाई चिऊला घेऊन त्या खोलीत गेल्या. नानांनी दारातून बॅग आत सरकवली. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून ते बाहेर थांबले. पण मालावरून नजर हटली की भांडारपालाचा जीव वर-खाली होतो. त्यांनी दाराबाहेरून सूचना सुरू केल्या. "उजवीकडचा तिसरा कप्पा! चेन अर्धीच उघड! मलमाच्या खाली थर्मास आहे, तो आडवा करू नकोस!" आतल्या दोन अनोळखी बायांनी आपापली बाळं पदराखाली घेतली. तिसरी बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, आत बाळांना पाजतात, पंचनामा नाही करत." नाना दोन पावलं मागं सरले आणि तिथून म्हणाले, "चौथ्या कप्प्यात हात घालू नकोस म्हणावं. तो आणीबाणीचा आहे."

एका लग्नात तर कहरच झाला. मंगल कार्यालयात बॅग कुठं ठेवावी हे सुचेना, म्हणून नानांनी ती एका मांडलेल्या टेबलाच्या कडेला टेकवली. ते टेबल रुखवताचं होतं. मंगलाष्टकं संपली, बायका रुखवत बघायला आल्या. साखरेचं तुळशी वृंदावन झालं, लोकरीचे मोर झाले, मग बॅग आली. कुणीतरी भाबडेपणानं ती उघडली आणि कुजबुज सुरू झाली. आठ लंगोट, दोन कुंच्या, झबली, वाटी-चमचा. "आत्तापासून?" वरमाय म्हणाली. वधूमायनं कपाळाला हात लावला. शेवटी तळाशी सहाण सापडली, तेव्हा एक वयस्कर आत्या मात्र हेलावून म्हणाल्या, "हल्ली इतका पुढचा विचार कोण करतं!" नानांना हे कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. लंगोट आठच्या आठ आहेत ना, एवढंच त्यांनी पाहिलं.

या सगळ्याचा मला फार दिवस राग होता. राग नानांचा नाही, या व्यवस्थेचा. बॅग पुरुषाकडे आणि बाळ बाईकडे, ही वाटणी कुणी करून ठेवली? मॉलमध्ये जा. बाळ बदलायचा फळा बहुतेक ठिकाणी बायकांच्या स्वच्छतागृहात असतो. पुरुषांच्या बाजूला हात वाळवायचं यंत्र असतं आणि मोठा आरसा. म्हणजे बांधणाऱ्यानंच ठरवलं, की बाप इथं आला तर हात वाळवील, भांग पाडील आणि बाहेर जाऊन बॅग सांभाळत उभा राहील. आणि लोक त्याचं कौतुक करतात! खांद्यावर अशी बॅग घेतलेला पुरुष दिसला की, "किती करतो हो!" बाळ कडेवर, पर्स खांद्यावर आणि डायपर दातांत धरलेल्या बाईला असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

तर चिऊचं जावळ झाल्यावर देवीला जायचं ठरलं. कोल्हापूर, अंबाबाई. आम्हीही निघालो. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, त्यामुळे खंबाटकी घाटात व्हायचं तेच झालं. वर कुठंतरी ट्रक बंद पडला आणि खाली सगळा महाराष्ट्र थांबला. चिऊचं काही अडलं नाही. सूनबाईंच्या पर्समधून नेहमीचा डायपर निघाला, वर्तमानपत्र निघालं, लाल ठिपका पडला. तासामागून तास गेले. आमच्या पुढं एक एसटी उभी होती, खच्चून भरलेली. तिच्यातून एक बाई उतरली, कडेवर दांडगं पोर, शेजारी पाच-सहा वर्षांची मुलगी, घाट लागून ओकून ओकून पिवळी पडलेली. बाईनं कडेवरच्या पोराला ओढणीत गुंडाळलं होतं. पुढचं सांगायला नको.

नाना गाडीतून उतरले. बॅगेसकट.

चौथा कप्पा उघडला, आणीबाणीचा. त्यातून एक नंबर मोठे दोन डायपर निघाले. बरोब्बर त्या पोराच्या मापाचे. मेणकापड निघालं, त्याची घडी पहिल्यांदा मोडली. थर्मास, कापूस, दुपटं. दुसरं दुपटं. लिटरची बाटली गाडीतल्या पिण्याच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरली, पुडी सोडली, आणि नानांनी त्या मुलीला घोट घोट पाजायला घेतलं. "एकदम नाही बाळ. एक चमचा. आता थांब. आता दुसरा." चमचा खाली पडला. चमचा होता. एसटीतून आणखी एक तान्हं उतरलं, मग एका गाडीतून जुळी. नाना रस्त्याच्या कडेला दगडावर बसून वाटत होते आणि कुणी "काका, पैसे..." म्हणालं की हात हलवून सांगत होते, "पावती नको." त्या मोठ्या पोराला डायपर लावायची वेळ आली, तेव्हा ते त्याच्या आईला म्हणाले, "तेवढं तुम्हीच करा. मला येत नाही." हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले, की मला हसू आलं नाही.

वाहनं हलली तेव्हा बॅगेत सहाण आणि मीठ-मोहऱ्या राहिल्या होत्या.

रात्री कोल्हापुरात भक्तनिवासाच्या व्हरांड्यात नाना वही घेऊन बसले होते. मी डोकावलो. मोठे डायपर दोन, निर्गमित. दुपटी दोन, निर्गमित. लंगोट आठ, निर्गमित. शेवटी 'कारण' म्हणून एक रकाना होता. त्यात वरपासून खालपर्यंत सुबक अक्षरात एकच शब्द लिहिला होता. लागलं. लागलं. लागलं.

दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवर माईंशी बोलता बोलता मी नानांची तारीफ केली. माई म्हणाल्या, "हो, भरतात खरी बॅग." आणि मग चपला बघता बघता एक हकीकत सांगितली. नाना तेव्हा गोसीखुर्दला होते. १९८८ साली त्या धरणाचं भूमिपूजन झालं होतं आणि भांडार नवं होतं. १९९० च्या मार्चअखेरीस माई सव्वा वर्षाच्या मुलाला घेऊन नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं एकट्या पुण्याला निघाल्या. नानांना येता आलं नाही. साठ्याची पडताळणी होती. उन्हाळा विदर्भातला. भुसावळच्या आधी दूध नासलं, मनमाडच्या आधी लंगोट संपले. अकोल्याला चढलेल्या एका अनोळखी बाईनं आपल्या बाळाचं दुपटं दिलं, तेव्हा रात्र निघाली. पुण्याला पोचल्यावर माईंनी आंतरदेशीय पत्रात हे सगळं लिहिलं.

"नानांनी काय उत्तर दिलं?"

"पडताळणी चांगली झाली म्हणून कळवलं. एका खिळ्याचा फरक नाही."

मी काहीतरी हळवं बोलणार होतो. म्हणजे ती बॅग त्या पत्राचं उत्तर आहे, वगैरे. माईंनी ते ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "भरायची तेव्हा भरली नाही. आता काय, मोबाइलवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत डायपर दारात. पण भरू दे. कुणाचं तरी दुपटं फिटलं." एवढं बोलून त्यांनी चपलांचा भाव निम्म्यावर आणला.

तेव्हापासून मी नानांना हसत नाही. फार हसत नाही. चिऊ आता चालते, महिन्या-दोन महिन्यांत डायपर सुटतील. बॅग रिकामी होईल, या विचारानं नाना कासावीस आहेत, पण त्यांनी शाळेच्या दप्तराची चौकशी सुरू केली आहे. डब्यात चमचा पडला तर चमचा लागणारच.

मला काळजी आहे ती त्या सव्वा वर्षाच्या मुलाची. तो आता चिऊचा बाप आहे. खंबाटकीत सबंध वेळ तो गाडीत कानाला फोन लावून परदेशातल्या कुणाला तरी सांगत होता, की काम वेळेत पूर्ण होईल. चिऊचं टोपडं कुठं आहे, असं विचारलं तर तो म्हणतो, "नानांना विचारा." डायपर कुठला, तर म्हणतो, "हिला विचारा." मुलगा चांगला आहे, जबाबदारीच्या कामात आहे, त्याचंही सदा मार्चअखेर चाललेलं असतं. त्याचा जन्म १९८९ चा. म्हणजे २०४७ मध्ये तो अठ्ठावन्न वर्षांचा होऊन निवृत्त होईल. त्याच वर्षी आपला देश विकसित होणार असल्याचं सरकारनं जाहीर केलेलं आहे. तोवर चिऊलाही लेकरू झालेलं असेल, आणि बापाला अखेर वेळ मिळेल. तो बावीस कप्प्यांची बॅग आणील, कप्प्या-कप्प्यांत काय आहे ते फोनवर नोंदवील, रस्त्यानं जाताना चारचौघं म्हणतील, "किती करतात हो आजोबा!" विकसित देशातही डायपर मात्र चिऊच्याच पर्समधून निघेल.